थोरलीचे बारा

घड्याळजींना वेळ विचारणं म्हणजे आपल्या हातानं संकट ओढवून घेणं होतं. "पावणेअकरा होत आले" असं ते कधी सांगत नसत. कॅथेड्रलच्या मनोऱ्याकडे एकदा मान वर करून ते मिनिटासकट वेळ सांगत आणि मग विचारणाऱ्याच्या मनगटाकडे बघून म्हणत, "तुमचं पुढे आहे. लावून घ्या." कुणी "साधारण चारला येतो" म्हणालं, तर ते विचारत, "साधारण म्हणजे चारच्या अलीकडे की पलीकडे?" माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण वेळेच्या बाबतीत दयामाया नाही. आयुष्यात त्यांनी कुणाला चुकीची वेळ सांगितली नव्हती, थट्टेतसुद्धा नाही. त्यांची बायको म्हणायची, "यमदूत आला ना दारात, तरी हे आधी त्याचं घड्याळ लावून देतील आणि मगच चपला शोधतील."

लग्न झालं तेव्हा ते पुलापलीकडे एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळांत वाकून वाकून मान आखडली, तेव्हा त्यांनी कॅथेड्रलची नोकरी धरली. इथलं घड्याळ कसं, माणसाला उभं राहून दुरुस्त करता यायचं. लोखंडी सांगाडा, पितळी चाकं, भिंतीलगत खाली लोंबणारी वजनं आणि त्यांच्या खांद्याएवढा लंबक. वजनं खाली आली की दांडा फिरवून ती वर घ्यायची, चाकांना तेल द्यायचं, कबुतरांना हुसकायचं. सुनेनं सासूची करावी तशी त्यांनी त्या घड्याळाची सेवा केली, म्हणजे कुरकुरत आणि एक दिवस न चुकता. घरात मात्र भिंतीवरचं घड्याळ कित्येक वर्षं बंदच. दिव्याखाली अंधार.

मनोऱ्यात घंटा तीन. दोन लहान, प्रार्थनेच्या वेळी दोर ओढून वाजवायच्या. त्यांना सगळे धाकट्या म्हणत. तिसरी तासाचे ठोके देणारी, ती थोरली. थोरलीचा आवाज जाड आणि सावकाश, घरातल्या मोठ्या जावेसारखा. ती बोलायला लागली की बाकीच्यांनी गप्प बसायचं.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या जुन्या घड्याळात काट्यांचा आणि ठोक्यांचा संसार वेगळा. तास भरला की काट्यांकडचं चाक एक कळ उचलतं आणि थोरलीला एवढंच सांगतं की बाई, तुझी पाळी. किती ठोके द्यायचे ते काटे सांगत नाहीत. थोरलीला आपला पाढा पाठ. सातानंतर आठ, आठानंतर नऊ, बारानंतर पुन्हा एक. मध्येच कुणी ती कळ उचलली तर ती पाढ्यातला पुढचा आकडा म्हणून मोकळी होते आणि तिथून पुढे काटे एक दाखवतात, घंटा भलतंच बोलते. मागे फिरणं तिला माहीतच नाही. चूक सुधारायची तर कळ उचलत उचलत राहिलेला सगळा फेरा वाजवून घ्यायचा, मग लोकांचे कान किटोत की काही होवो.

घड्याळजींच्या बायकोचं अलीकडे थोडं असंच झालं होतं.

आधी ती किल्ल्या विसरायला लागली, मग चुलीवरचं दूध, मग शेजारणीचं नाव. मग एक दिवस मनोऱ्याकडे बघून तिनं विचारलं, "तो लहान काटा कशासाठी असतो हो?" बारा अंकांच्या त्या तबकडीखाली तिचा सगळा संसार झालेला, आणि आता तिला काटे वाचता येत नव्हते.

पण ठोके मोजता येत होते. ते कुठे गेले नव्हते. आठ पडले की खिडक्या उघडायच्या, नऊला कुंड्यांना पाणी, दहाला वाळत घातलेले कपडे उलटायचे, आणि बारा पडले की डबा. डबा सकाळी घड्याळजीच भरून ठेवत. पाव, उकडलेली अंडी, कधी बटाटे. बाराचा शेवटचा ठोका हवेत असतानाच ती डबा उचलायची, दोन गल्ल्या आणि चौक ओलांडून मनोऱ्याच्या दारापाशी यायची आणि तिथल्या दगडी बाकावर बसायची. घड्याळजी तोवर खाली उतरलेले असत. दोघं शेजारी बसून जेवत. पुलापलीकडच्या दुकानात होते तेव्हाही ती असाच डबा आणायची. तेव्हा नवरा-बायको रस्त्यावर बसून जेवतात म्हणून लोक हसायचे. आता म्हातारा-म्हातारी बसतात म्हणून कौतुक करायचे.

मुलगी दुसऱ्या शहरात शिक्षिका होती. या खेपेला ती सुट्टी घेऊन आली ती आईला डॉक्टरकडे नेण्यासाठी. डॉक्टरांनी आईला कागद दिला आणि म्हणाले, एक घड्याळ काढा. तिनं छान गोल काढला, आकडे एका बाजूला दाटीवाटीनं बसवले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"आजी, काटे कुठे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काटे यांच्याकडे असतात," ती म्हणाली.

घरी वडिलांना हे सांगताना मुलगी हसली आणि मग तिला रडू आलं. रात्रीच्या जेवणाला आई पानावरून उठल्यावर तिनं विषय काढला. "बाबा, मी आईला माझ्याकडे नेते. उद्या संध्याकाळच्या सहा-दहाच्या गाडीची तिकिटं काढलीत. तुम्ही दिवसभर त्या मनोऱ्यात. ती घरात एकटी. उद्या कुठे निघून गेली तर?"

"कुठे जात नाही ती. घंटा आहे ना. घंटेवर चालते ती."

"घंटा म्हणजे माणूस नव्हे, बाबा."

"माणसापेक्षा बरी. चुकत नाही."

"आणि चुकली तर?"

घड्याळजींनी ताटातला पाव मोडला आणि खाल्ला नाही. मुलीच्या शहरात थोरली ऐकू येणार नव्हती. तिथे आठ कधी वाजले आणि खिडक्या कधी उघडायच्या, हे हिला कोण सांगणार, असं त्यांना म्हणायचं होतं. पण मुलगी दमलेली दिसत होती आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "तिला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, यांच्या डब्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मनोऱ्यात चाकांना तेल देत होते, पण मन घरीच होतं. कपाटावरची बॅग मुलीनं खाली काढलेली त्यांनी निघताना पाहिली होती. मनातल्या मनात ते मुलीशी भांडत होते आणि मनातल्या भांडणात माणूस हात जरा जास्तच हलवतो. त्यांचं कोपर कळीला लागलं. वर हातोडा उचलला गेला आणि दहा वाजून गेलेले असताना थोरलीनं निवांतपणे अकरा ठोके दिले.

इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी कपाळाला हात लावला. खाली कॅथेड्रलमध्ये एका म्हाताऱ्या पोस्टमनची शेवटची प्रार्थना चालू होती. फादर मनाचे चांगले, पण राग नाकावर. प्रार्थनेत तासाचे ठोके तेवढे त्यांना चालत, कारण तास त्यांच्या हातात नव्हता. त्यावर एक ठोका जास्त पडला तर ते बोलून सोलून काढायचे. आता पूर्ण फेरा वाजवायचा म्हणजे मेलेल्या माणसाच्या डोक्यावर घणाचे घाव. दुसरा उपाय म्हणजे वर घंटेपाशी चढून हातोडा बांधून ठेवणं, म्हणजे अकरा वाजता बारा पडणार नाहीत. पण वर जायची शिडी उभी आणि घड्याळजींचा गुडघा दुखरा. जाऊ दे, ते मनाशी म्हणाले. प्रार्थना संपली की फेरा वाजवून घेऊ. एकदा अकराला बारा पडले तर काय आभाळ कोसळतंय? लोक हसतील, दुसरं काय.

आणि लोक हसलेच. काटे अकरावर आले आणि थोरलीनं बारा दिले, तेव्हा चौकातली फुलवाली वर बघून ओरडली, "आज घड्याळाचेच बारा वाजले की हो." घड्याळजींनी मनोऱ्याच्या खिडकीच्या गजांमधून ते ऐकलं आणि त्यांनाही जरा हसू आलं. फादरांचा विचार त्यांनी केला होता, पोस्टमनच्या घरच्यांचा केला होता, फुलवालीचासुद्धा केला होता. जी एकटी या गावात नुसत्या ठोक्यांवर जगत होती, तिचा विचार त्यांच्या मनात आला नाही.

तो आला तेव्हा खालून मुलीची हाक ऐकू येत होती.

"बाबा, आई इथे आहे का?"

ते कसे खाली उतरले ते त्यांनाच ठाऊक. मुलगी दाराशी उभी होती, केस ओले. "मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर आई नाही, डबा नाही. मला वाटलं तुमच्याकडे आली असेल, पण आत्ता तर," तिनं वर तबकडीकडे बघितलं, "आत्ता तर बारा वाजलेसुद्धा नाहीत."

"वाजले," घड्याळजी म्हणाले. "थोरलीचे वाजले. माझ्या हातून."

फुलवालीनं सांगितलं की काकू आल्या होत्या, बाकावर बसल्या होत्या. मग पोस्टमनसाठी हार घ्यायला माणसं आली, त्यांना देऊन मान वर करते तर बाक रिकामा. कुठल्या बाजूला गेल्या ते तिनं पाहिलं नव्हतं. चौकातून पाच रस्ते फुटत होते.

घड्याळजी बाकावर बसले. ती इथे येऊन बसली, त्यांची वाट पाहिली, आणि ते तिच्या डोक्यावर चाकांना तेल देत होते. मुलीला काय सांगणार होते ते, घंटा चुकत नाही म्हणून?

"मी बाजाराकडे बघते," ती म्हणाली. "मग पोलिसांत जाऊ. तुम्ही इथेच थांबा, तुमच्यानं पळवणार नाही."

"मी तिला बोलावतो."

"कसं बोलावणार?"

पण ते उठून दारातून आत गेले होते. मनोऱ्याच्या तळाशी एक खोली होती, मोडक्या बाकांची आणि तेलाच्या डब्यांची. तिच्यातून जिना वर जायचा. गुडघा दर पायरीला बोलत होता आणि आज ते त्याचं ऐकत नव्हते.

थोरली बारा बोलून थांबली होती. पाढ्यात पुढे एक. घड्याळजींनी कळ उचलली. एक. हातोडा स्थिर होईपर्यंत थांबून पुन्हा उचलली. दोन. खाली प्रार्थना चालू होती आणि थोरलीचा आवाज खांबांमधून थेट फादरांच्या अंगावर जात असणार, हे त्यांना कळत होतं. तीन. चार. पाचाच्या वेळी जिन्यावर पावलं वाजली. फादर स्वतः वर आले होते, धापा टाकत, लाल चेहऱ्यानं.

"अहो, काय चालवलंय काय? खाली माणसाला निरोप देतोय आम्ही."

"फादर, माझी बायको हरवलीय," घड्याळजी म्हणाले. "ती बाराला डबा घेऊन येते. मला बारापर्यंत जायचंय."

फादरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग ते भिंतीला टेकून उभे राहिले. "आता कितीवर आहात?"

"सहा."

"मग वाजवा," ते म्हणाले, आणि पाठ फिरवून जिना उतरायला लागले.

सहा, सात, आठ. गावात माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणी म्हणालं, घड्याळ बिघडलं, कुणी म्हणालं, घड्याळजी बिघडले. नऊ, दहा. अकरा ठोके झाले आणि घड्याळजींचा हात कळीपाशी थांबला. काटे अजून अकरा आणि बाराच्या मधे होते. थोरली आणि काटे आता जुळले होते. इथे थांबलं की घड्याळ बरोबर होतं. पुढे एकदा कळ उचलली की पुन्हा सगळं चुकणार, पुन्हा सगळा फेरा वाजवावा लागणार. त्यांचा हात इतक्या वर्षांच्या सवयीनं मागे येत होता. पण अकराच्या ठोक्याला ती कधी कुठे निघत नसे. अकराला ती टेबल पुसायची.

त्यांनी कळ उचलली आणि थोरलीला बारा म्हणू दिलं.

मग खाली येऊन ते बाकावर बसले. प्रार्थना संपली होती, माणसं बाहेर पडत होती. पोस्टमनचा मुलगा त्यांच्यापाशी आला, त्यानं त्यांचा हात हातात घेतला. "बाबांसाठी एवढी घंटा वाजवलीत. ते जन्मभर या घड्याळावर चालले. फार बरं वाटलं." घड्याळजींनी नुसती मान हलवली. डोळे पाच रस्त्यांवरून फिरत होते.

ती पुलाच्या रस्त्यानं आली.

डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, पायांवर धूळ, एक वेणी सुटलेली. चौक तिनं जवळजवळ पळत ओलांडला. घड्याळजींच्या जिवात जीव आला.

"अहो," ती म्हणाली, आणि धाप टाकत शेजारी बसली. "मी दुकानात गेले होते. तुम्ही इथे नव्हता म्हणून. तर तिथे चपला विकतात. तुम्ही कुठेच नाही. आणि मग वाजायलाच लागलं. एक वाजला, दोन वाजले, मी चालतेय आणि वाजतंच आहे. सगळा दिवस गेला, रात्र गेली. सहा वाजले, सात वाजले, मी म्हटलं सकाळ झाली, आणि हे काल दुपारपासून उपाशी." तिच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. "तुम्ही तसेच राहिलात ना, काही न खाता?"

बाराच्या आधी जेवलं तर त्यांना पचत नसे, असं ते अभिमानानं सांगत. काल ते नीट जेवले होते, आज सकाळी त्यांनी दोन कप चहा घेतला होता, आणि ती घरातून निघाल्याला तासही झाला नव्हता. हे सगळं मिनिटासकट त्यांच्या जिभेवर होतं.

"हो," ते म्हणाले. "फार भूक लागलीय. उघड."

तिनं डबा उघडला. अंड्याचं साल त्यांनी काढलं. तिनं पावाचे दोन तुकडे केले आणि मोठा त्यांना दिला. एवढ्यात बाजाराकडून मुलगी धावत आली. बाकावरचं दृश्य पाहून ती जागच्या जागी थांबली आणि मग आईच्या पायाशी पायरीवर बसली.

"तूसुद्धा कालपासून फिरतेयस?" आईनं तिच्या हातात आपला अर्धा पाव ठेवला. "केस वाळव आधी. सर्दी होईल."

मुलगी पाव खात होती आणि रडत होती. घड्याळजी म्हणाले, "तू म्हणत होतीस ते खरं होतं. घंटा चुकली. म्हणजे मी चुकलो." थोडं थांबून त्यांनी खाली बघत विचारलं, "गाडी संध्याकाळी कितीला आहे?" मिनिटाशिवाय वेळ न सांगणारा बाप गाडीची वेळ विसरल्याचं सोंग करतोय, हे मुलीच्या लक्षात आलं.

ती उघड्या दारातून आत बघत होती, मोडक्या बाकांकडे, तेलाच्या डब्यांकडे, वरून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्याकडे.

"बाबा, या खोलीत एक खुर्ची बसेल का?"

"कुठली खुर्ची?"

"आपली, खिडकीजवळची. आई सकाळी तुमच्याबरोबर येईल. इथे बसेल. कुंड्या इथेच आणू. बारा वाजले की तिला कुठे जायलाच नको." तिनं नाक पुसलं. "मी आठवडाभर राहते. जमतंय का बघू. नाही जमलं, तर मात्र मी नेणार."

"बसेल," घड्याळजी म्हणाले. "दोनसुद्धा बसतील."

वर कळ उचलली गेल्याचा बारीक खटका झाला. तो फक्त त्यांनाच ऐकू येई. दोन्ही काटे एकमेकांवर, सरळ उभे होते, भर दुपारचे बारा. थोरलीनं आपल्या पाढ्याप्रमाणे एकच ठोका दिला आणि ती गप्प झाली. फुलवाली वर बघून हसायला लागली. मुलीनंही मान वर केली आणि मग वडिलांकडे पाहिलं.

बायकोनं डब्याचं झाकण लावलं. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान होतं.

"बघा, एक वाजला," ती म्हणाली. "आज तरी वेळेवर जेवलात."

घड्याळजींनी तबकडीकडे बघितलं नाही.

"हो," ते म्हणाले. "एक वाजला."